नावानिशी बी जपणारे काकाजी

काकाजींनी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आधी देतो. अंदाजे लिहिणं मला जमत नाही, म्हणून मागच्या रविवारी टेप आणि वही घेऊन त्यांच्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत गेलो आणि मोजून आलो.

घरामागची जागा साडेअठ्ठावीस फूट बाय एकेचाळीस. तिच्यात बांबूचे चार मांडव. तेलाच्या डब्यांना खिळ्याने छिद्रं पाडून केलेल्या दोन झाऱ्या, एकीला छप्पन्न छिद्रं, दुसरीला एकसष्ट. बी ठेवायला भोपळे सुकवून, कोरून केलेले सतरा तुंबे, लाकडी बुचांसकट. नोकरीतल्या सायकलच्या जुन्या रिमा वाकवून विहिरीवर केलेली कमान, जिच्यावर एका बाजूने गोकर्ण चढते आणि दुसऱ्या बाजूने कळलावी. एक खुरपं, पण त्याचं पातं लोहाराचं आणि मूठ काकाजींची, म्हणून ते मी अर्धं धरलं. आणि पूर्वेच्या भिंतीवर शेणाच्या आठ चकत्या, प्रत्येकीत एका घरच्या काकडीचं बी थापलेलं, खाली गेरूने एक अक्षर. नववी जागा मोकळी आहे. तिथे फक्त अक्षर आहे.

ती जागा माझ्या हातून मोकळी झाली. आमच्या सानगडी गावात हे आजवर कोणाला ठाऊक नाही, कारण काकाजींनी ते स्वतःवर घेतलं. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात ते लिहू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुले लिहाचंच असन त लिही. पण माही तारीफ कमी कर."

दुसरी गोष्ट मला जमेल असं वाटत नाही.

डोमाजी काकाजींची माझी ओळख बावीस वर्षांपूर्वीची. मी मोटर रिवायंडिंगचं काम करतो. नववीत शाळा सोडली, कोणाच्या हाताखाली राहिलो नाही. जळालेल्या मोटरी भंगारातून आणायच्या, उघडायच्या आणि पुन्हा भरायच्या, असं करत शिकलो. बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. काकाजी अर्ध्या हॉर्सपॉवरचा जळालेला पंप सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आले. लोक मोटर टाकून जातात आणि संध्याकाळी येतात. हे उभेच राहिले. मी तार कापण्याआधी वेढे मोजू लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, जळालेली तार मोजून काय करता. मी सांगितलं, किती वेढे होते हे लिहून न ठेवता तार कापली, तर ती मोटर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. त्यांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी पंप न्यायला आले तेव्हा मजुरीच्या वर एक काकडी दिली आणि म्हणाले, "ही सखूबाईची."

मला वाटलं, सखूबाई त्यांच्या घरातलीच कोणीतरी असेल. पुढे कळलं की ती एकोडीची, आणि ती काकडी तिच्या घरच्या बियांची.

काकाजी आरोग्य खात्यात फवारणी आणि तापाच्या तपासणीच्या कामावर होते. सुरुवातीची काही वर्षं भंडाऱ्याजवळ कारध्याला, नंतर निवृत्तीपर्यंत आपल्या साकोली तालुक्यात. काम असं की घराघरात जायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, मागच्या अंगणातली रांजणं, टाकी, डबकी बघायची, डासांच्या अळ्या असतील तर पाणी ओतायला लावायचं आणि भिंतीवर गेरूने तारीख लिहायची. बरेच जण रस्त्यावरूनच हाक मारून तारीख लिहीत. काकाजी शेवटच्या रांजणापर्यंत जात. त्यामुळे कोणाच्या कुंपणावर कोणता वेल आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. सगळीकडे दुकानातल्या पाकिटांचं बी येऊ लागलं, तेव्हा त्यांनी जुनी बियाणी मागून आणायला सुरुवात केली. पांढरी वांगी, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, बारकी भेदरं म्हणजे टोमॅटो, गावरान कोहळं. फुलंही आपल्याकडचीच. कोरांटी, तेरडा आणि रानातून आणलेला कळलावीचा कंद.

त्यांच्या कामाची एक गोष्ट त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनीच मला सांगितली. एकदा तपासणीच्या तक्त्यात त्यांनी बारा घरांपुढे 'बंद' लिहिलं होतं. आकडा कमी दिसतो, भरून टाका, असं वरून सांगण्यात आलं. काकाजींनी भरलं नाही. घर बंद असलं तर बंदच लिहावं लागतं, एवढंच म्हणाले. त्यांची बदली झाली नाही की बढतीही झाली नाही. बारा घरं मात्र पुढच्या आठवड्यात त्यांनी सुटीच्या दिवशी जाऊन बघितली.

बी देण्याची त्यांची रीत अशी. बियांचे पैसे नाहीत, परत करण्याची सक्तीही नाही. पण कोणाचं बी आहे ते नाव तीनदा म्हणवून घ्यायचं. मास्तरीणबाई असोत की भाजीवाली, काकाजींसमोर उभं राहून "एकोडीच्या सखूबाईची, एकोडीच्या सखूबाईची" असं म्हटल्याशिवाय पुडी हातात येत नाही. माझ्या बायकोने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिला हसू आवरेना. काकूंनी आतून सांगितलं, "हास बाई, मी लगनात यांचं नाव एकदाच घेतलं होतं."

आता भिंतीचं सांगतो.

काकड्या एकाच बागेत शेजारी लावल्या तर परागाने एकमेकींत मिसळतात आणि पुढच्या वर्षी बियाणं खोटं निघतं. म्हणून काकाजी दर वर्षी नऊपैकी दोनच लावत, त्याही गावाच्या दोन टोकांना. बाकीचं बी ताज्या शेणात मिसळून त्याची चकती भिंतीवर थापून ठेवत. शेणामुळे कीड लागत नाही. खाली गेरूने घराचं पहिलं अक्षर. एकच घर असं होतं की ते आता कुठेच नाही. ते कारध्याच्या तुळसाबाईचं.

तुळसाबाई वैनगंगेच्या रेतीत काकडीची वाडी करायची आणि पुलाजवळ बसून विकायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. काकाजी नोकरीला नवे होते तेव्हा ती तापाने पडली. गोळ्या द्यायला आणि त्या गिळल्या का ते बघायला काकाजी रोज जात. बरी झाल्यावर तिने पदराची गाठ सोडून मूठभर बी त्यांना दिलं. पुढे पाणी चढलं, रेतीतल्या वाड्या गेल्या, तीही गेली. तिची काकडी सानगडीत काकाजींच्या भिंतीवर राहिली. बी नेणाऱ्यांपैकी कोणी ते पुढे धरलं नव्हतं, त्यामुळे माझ्या माहितीप्रमाणे ती जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात काकाजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले. वैशाखात नातीचं लग्न होतं. मला वाटलं, ते येईपर्यंत मागची भिंत रंगवून ठेवावी. रंगारी लावला नाही, मीच केलं. चकत्या तोडल्या नाहीत, पातळ पत्र्याने एकेक अलगद सोडवली. एकीचाही कोपरा मोडला नाही, याचा मला अभिमान वाटला. सगळ्या एका घमेल्यात रचल्या. गेरूची अक्षरं मला फवारणीची जुनी नोंद वाटली. ती घासून काढली आणि दोन हात मारले. ब्रश धुतलेलं पाणी घमेल्यात गेलं, हे नंतर कळलं.

काकाजी आले. मीच हात धरून त्यांना मागे नेलं आणि भिंत दाखवली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. ते भिंतीजवळ गेले आणि तळहाताने चाचपत राहिले. आधी वरची ओळ, मग मधली, मग खालची. मग घमेल्याजवळ बसले. नऊ चकत्या, सगळ्या एकसारख्या. तळातली भिजून काळी पडलेली.

ती त्यांनी उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाले, "रमेश, तू मोटर खोलतोस त आंधी वेढे मोजून घेतोस ना रे?"

मी हो म्हटलं.

"मंग भित काहून नाई मोजली?"

एवढंच. आवाज चढला नाही. मला आयुष्यात कोणी चुकीबद्दल इतकं नेमकं बोललेलं नाही. मी घरी गेलो आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी काकाजी स्वतः दुकानाच्या बंद शटरसमोर येऊन बसले. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, भिंतीवरच्या चकत्या कुठे गेल्या. मी शटरच्या आत होतो, मला ऐकू येत होतं. काकाजींनी सांगितलं की भिंतीला ओल धरली होती, त्यांनीच काढायला लावल्या.

मग मी शटर उचललं.

बी होतं, पण नावं गेली होती. आणि काकाजींच्या लेखी नाव गेलं की ते बी कोणाचंच राहत नाही. उपाय एकच होता. सगळ्या चकत्या वेगवेगळ्या लावायच्या, फळ धरेपर्यंत थांबायचं आणि ज्या घरचं बी त्या घरच्या माणसांना ओळखायला लावायचं. एकमेकींत मिसळू नये म्हणून गावातल्या नऊ लांब लांबच्या सांदवाड्या मागून घेतल्या. नऊही मांडव मी बांधले. मृगात बी टोचलं. आठ ठिकाणी उगवलं. भिजलेल्या चकतीतलं एकही आलं नाही. आठवडाभर मी रोज जाऊन ती माती बोटाने उकरत होतो. शेवटी काकाजींनीच माझा हात धरून थांबवलं.

भाद्रपदात काकड्या धरल्या. प्रत्येक वेलाची पहिली फळं पिशवीत घालून आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. काकाजींचा नियम असा की स्वतःला अंदाज आला तरी आपण नाव सांगायचं नाही, त्या घरच्यांनीच ओळखायचं.

एकोडीला सखूबाई खाटेवर बसल्या होत्या. नजर जवळजवळ गेलेली. आठही काकड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी हाताने चाचपून तीन बाजूला काढल्या, सून विळीवर कापून देऊ लागली, आणि त्या प्रत्येकीच्या देठाकडची चकती चाखू लागल्या. दुसरीला थांबल्या.

"हे व्हय आमची. देठाले कडू, पुढं गोड. माही सासू बी तशीच होती."

सुनेने मान खाली घालून हसू दाबलं. सखूबाईंना ते दिसलं नाही, पण कळलं. "हास हास. तुही सून आली का तुले बी समजन," त्या म्हणाल्या.

असं करत सात घरं झाली. कोणी सालीवरच्या रेघांवरून ओळखलं, कोणी बियांच्या चपटेपणावरून. एका आजोबांनी नुसता वास घेतला. मी वहीत लिहीत गेलो. शेवटी वेल एक उरला आणि नावं दोन. एक तुळसाबाईचं. दुसरं आपल्याच सानगडीच्या धोंडाबाईचं. त्या वारल्या आहेत, मुलं नागपूरला. फोनवर विचारलं तर म्हणाली, काकडी खाल्ल्याचं आठवतं, कशी होती ते आठवत नाही.

म्हणजे त्या घमेल्याच्या तळाशी भिजली ती चकती या दोघींपैकी एकीची. मला झोप लागेना. मी काकाजींना म्हटलं, उरलेला वेल तुळसाबाईचाच असणार, तसं लिहून टाका, कोण विचारायला येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"घर बंद हाय, रमेश. बंदच लिहा लागते."

दुसऱ्या दिवशी त्या वेलाच्या तीन काकड्या झोळीत घेऊन ते सकाळच्या एसटीने निघाले. मीही गेलो. भंडाऱ्याला उतरलो, पूल ओलांडून कारध्याला गेलो. जुन्या ओळखीची माणसं शोधता शोधता दुपार झाली. तुळसाबाईच्या शेजारी बसून वाळलेले मासे विकणारी एक म्हातारी अजून आहे, असं कोणीतरी सांगितलं. ती दारात बसून जाळं सारखं करत होती. काकाजींनी नाव सांगितलं नाही की ओळख दिली नाही. नुसती एक काकडी तिच्या पुढे धरली आणि विचारलं, ही कधी बघितली का.

तिने काकडी घेतली. सालीवर पांढरट धूळ असते, ती तिने पदराने पुसली. खाली हिरवी चकाकी आली. मग दोन्ही हातांनी मोडली. कट्ट असा आवाज झाला. दोन्ही तुकडे तिने अलग केले आणि मधे धागा निघतो का ते बघितलं. निघाला नाही.

"तुळसाची व्हय हे," ती म्हणाली. "अशीच पुसपुसून विके. पण तुमच्यापाशी कोठून आली? तुळसा गेली त तिचा फोटो बी नाई कोणापाशी."

काकाजी तिथेच जमिनीवर बसले. चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी फाल्गुनात बजावलं होतं. ते आठवून मी रुमाल पुढे केला, तर त्यांनी तो त्या म्हातारीला दिला, कारण तिलाही लागत होता. उरलेल्या दोन काकड्या त्यांनी तिच्याजवळ ठेवल्या आणि बियांची करा, खाऊ नका, असं सांगितलं. तिने एक ठेवली आणि दुसरी मोडून आम्हा तिघांना वाटली. मिठासोबत.

परतीच्या एसटीत काकाजी खिडकीजवळ बसले होते. साकोली येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "धोंडाबाईचं गेलं मंग." मी खाली बघत होतो. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर नवी चकती थापायची वेळ आली. मी बाजूला उभा होतो. काकाजींनी शेणाचं घमेलं माझ्या पुढे सरकवलं आणि तुळसाबाईचं बी माझ्या हातावर ठेवलं. आधी तीनदा नाव म्हणवून घेतलं. आठही चकत्या मीच थापल्या. प्रत्येक थापण्याआधी वहीत जागा लिहिली, भिंतीच्या कोपऱ्यापासून इंच मोजून. नवव्या जागी काकाजींनी गेरूने 'धों' लिहिलं आणि वर काही लावलं नाही. नात म्हणाली, आजोबा, रिकामं कशाला. ते म्हणाले, सापडलं तर जागा पाहिजे.

शेवटची गोष्ट मागच्या वर्षीची. साकोलीकडच्या एका राइस मिलच्या मालकांनी एका कृषी प्रदर्शनात तुळसाबाईची काकडी खाल्ली. भला माणूस. त्यांची आई नुकतीच वारली होती. ते काकाजींच्या घरी आले, खाटेवर बसले आणि मनातलं बोलले. याच काकडीची पाकिटं छापून ते गावोगाव फुकट वाटणार होते. नाव मात्र आईचं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. काकाजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमच्या माय अंगणात काय लावत होत्या. मालक आठवत राहिले. म्हणाले, लाल देठाची अंबाडी होती, विहिरीच्या कडेला. काकाजींनी गावाचं नाव विचारून घेतलं. तेव्हापासून ते त्या गावात चारदा जाऊन आले आहेत. मागच्या महिन्यात एका घरामागे तशी अंबाडी दिसली आहे. बी धरायचं आहे. मिळालं की त्या माउलीच्या नावाने एक तुंबा भरेल, आणि मालक स्वतः तीनदा नाव म्हणून पुडी नेतील. ते दर पंधरा दिवसांनी विचारायला येतात, आणि येताना तुळसाबाईचंच बी मागून नेतात.

काकाजींना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दुसरा डोळाही पहिल्यासारखा स्वच्छ होवो. काकूंचा आवाज आतून असाच येत राहो. आणि हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल त्या प्रत्येकाने आपल्या माहेरी, मामाच्या गावी, जुन्या कुंपणावर एकदा बघावं. सानगडीच्या धोंडाबाईंनी कोणाला काकडीचं बी दिलं असेल तर कळवावं. भिंतीवर जागा आहे. वहीत तिची मापं आहेत. ती भरलेली बघायला काकाजी हवेत, आणि ती भरायला मी.

मोजणी पूर्ण व्हावी म्हणून एक नोंद राहिली. काकाजींच्या घरावर अजून जुने कवेलू आहेत. पावसात पाच ठिकाणी गळतं, खाली पाच भांडी लागतात. मालक खाटेवर बसून बोलत होते तेव्हाही पाऊस चालू होता आणि पाचही भांडी वाजत होती. त्यांनी काकाजींना पैसे देऊ केले होते, आणि बदल्यात इतकंच मागितलं होतं, की तुळसाबाईच्या काकडीला तुळसाबाईची म्हणू नये. काकाजी नाही म्हणाले. रक्कम एक लाख एकावन्न हजार रुपये होती.